विश्लेषण : खान्देशातील घरांना व्हिक्टोरियन वॉलपेपर मानवेल का?

घर नवे असो वा जुन्याचे नूतनीकरण, दिवाणखान्याची एक भिंत ‘वेगळी’ असावी असा आग्रह आता जळगाव आणि धुळ्यातही सर्रास दिसतो. सोफ्यामागची किंवा टीव्हीमागची ही भिंत रंगवण्याऐवजी तिच्यावर वॉलपेपर चिकटवला जातो. दुकानातील नमुन्यांच्या जाडजूड वह्यांत ‘व्हिंटेज’, ‘हेरिटेज’, ‘रॉयल’ अशा नावांखाली दाट पानाफुलांच्या, वेलींच्या, पक्ष्यांच्या नक्ष्या असतात. त्यातील बऱ्याचशा राणी व्हिक्टोरियाच्या काळातील, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातील इंग्लंडमधल्या नमुन्यांवर बेतलेल्या आहेत. हे नमुने कसे घडले, त्यांचा खान्देशाशी काय संबंध, इथल्या उन्हातान्हात ते टिकतात का आणि ‘वारसा’ म्हणून ते विकत घेताना घरातला कोणता वारसा बाहेर जातो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

व्हिक्टोरियन वॉलपेपर म्हणजे नेमके काय?

भिंतीला कागद लावण्याची पद्धत इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियाच्या आधीपासून होती, पण ती श्रीमंतांपुरती. लाकडी ठशांनी हाताने छापलेला कागद महाग असे आणि त्यावर १७१२ पासून सरकारी करही होता. हा कर १८३६ मध्ये रद्द झाला. पाठोपाठ १८३९ मध्ये लँकेशायरमधील डार्वेन येथील पॉटर या कारखानदारांनी रुळाने कागद छापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पॉटर मूळचे कापड छापणारे. कापडावर नक्षी उमटवणारे तंत्र त्यांनी कागदाकडे वळवले. त्यामुळे वॉलपेपर स्वस्त झाला आणि मध्यमवर्गाच्याच नव्हे, तर कामगारांच्या घरातही पोहोचला.

या कागदाला त्या देशाच्या हवेचे कारण होते. थंड, ओलसर आणि अंधाऱ्या खोल्या, कोळशाची शेगडी, गॅसचे दिवे आणि त्यांची काजळी. गडद हिरवा, तपकिरी, किरमिजी रंग आणि दाट नक्षी यांत काजळीचे डाग लपत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भिंतीचे तीन भाग करण्याची पद्धत रूढ झाली. खाली कंबरेइतका जाड, टिकाऊ पट्टा, मध्ये मुख्य नक्षी आणि वर छताखाली अरुंद किनार. खुर्च्या घासल्या जाणारा खालचा भाग वेगळा ठेवण्यामागे शोभेइतकीच सोय होती.

मॉरिसचे नमुने सगळीकडे का दिसतात?

या काळातील सर्वांत परिचित नाव विल्यम मॉरिस (१८३४ ते १८९६) यांचे. जाळीवर चढलेले गुलाब दाखवणारा त्यांचा ‘ट्रेलिस’ हा नमुना १८६२ चा, ‘अकँथस’ १८७५ चा, तर ‘विलो बाऊ’ १८८७ चा. स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांचा ‘स्ट्रॉबेरी थीफ’ (१८८३) मुळात वॉलपेपर नव्हताच, ते छापील सुती कापड होते. आज तो कागदावर, उशीच्या अभ्ऱ्यावर आणि मोबाइलच्या कव्हरवरही सापडतो.

याचे एक साधे कारण कायदेशीर आहे. मॉरिस यांच्या निधनाला सव्वाशेहून अधिक वर्षे झाल्याने मूळ रेखाटनांवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही. कोणताही कारखाना ती छापू शकतो. दुसरे कारण नक्षीच्या बांधणीत आहे. मॉरिस यांची वेल तिरकी, वळणे घेत वर चढते. त्यामुळे नमुना कुठे संपून पुन्हा सुरू होतो, तो सांधा डोळ्याला चटकन सापडत नाही. त्यांनी ही झाडे दूरदेशीची निवडली नाहीत. घराशेजारच्या नदीकाठची वाळुंजाची पाने आणि बागेतली फुले पाहून त्यांनी ती काढली. खान्देशात मॉरिस यांच्याकडून काही घ्यायचे असेल, तर ही सवय सर्वांत मोलाची.

या नक्षीचा भारताशी संबंध काय?

‘इंग्रजी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या नक्षीत भारताचा वाटा मोठा आहे. लंडनमध्ये १८५१ मध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात भारतीय कापड, गालिचे आणि धातुकाम पाहून तिथले आरेखनकार थक्क झाले. ओवेन जोन्स यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’ या ग्रंथात भारतीय अलंकरणाला स्वतंत्र स्थान दिले. सपाट पृष्ठभागावरची नक्षी सपाटच असावी, भिंतीवरचे फूल खरे असल्याचा भास निर्माण करू नये, हा त्या पिढीचा आग्रह होता आणि त्यासाठी भारतीय कापडाचे दाखले दिले जात. काश्मिरी शालीवरची कोयरी स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या मागांवर विणली गेली आणि त्या गावाच्या नावानेच जगभर ओळखली जाऊ लागली, ही कथा तर सर्वज्ञात आहे.

खान्देशापुरता धागा अजिंठ्याचा आहे. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी तिथे जाणारे अनेक प्रवासी जळगाव स्थानकावर उतरतात. मेजर रॉबर्ट गिल यांच्याकडे १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम सोपवले गेले. वर्षानुवर्षे खपून त्यांनी केलेली मोठी चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि १८६६ च्या आगीत त्यातील बहुतेक जळून गेली. गिल यांचा मृत्यू १८७९ मध्ये झाला आणि त्यांची कबर भुसावळात आहे. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यातल्याही अनेक लंडनमध्ये आगीत गेल्या. उरलेल्या कामावर आधारलेले त्यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील दुसरा खंड प्रामुख्याने सजावटीच्या तपशिलांचा आहे. छतावरच्या चौकटी, कमळे, हंस, फळे आणि वेली त्यात आहेत. म्हणजे व्हिक्टोरियन काळातला एक समृद्ध नक्षीसंग्रह जळगावहून दोन तासांच्या अंतरावरच्या छतांवरून उतरवलेला आहे. नमुन्यांच्या वहीत मात्र तो क्वचितच दिसतो.

फैजपूरच्या रंगाऱ्यांचे काय झाले?

या कथेला दुसरी, कमी सुखद बाजूही आहे. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये यावल तालुक्यातील फैजपूरची नोंद छापील सुती कापड आणि गडद निळ्या व लाल रंगाच्या रंगाईसाठी प्रसिद्ध असलेले गाव अशी आहे. खान्देशचा कापूस मात्र रेल्वेने मुंबईला आणि तिथून लँकेशायरला जात होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) तिथला कापूस थांबल्यावर ही मागणी प्रचंड वाढली. लँकेशायरमधून परत येत होते ते यंत्रावर विणलेले आणि रुळाने छापलेले कापड. ज्या तंत्राने इंग्लंडमधील सामान्य घराला स्वस्त वॉलपेपर मिळाला, त्याच तंत्राने भारतातील ठसे छापणाऱ्यांचे आणि रंगाऱ्यांचे काम काढून घेतले. १८६९ नंतर आलेला कृत्रिम लाल रंग आणि १८९७ पासून बाजारात आलेली कृत्रिम नीळ यांनी उरलेली कसर भरून काढली.

विशेष म्हणजे त्याच सुमारास मॉरिस इंग्लंडमधील लीक गावी थॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत निळीचे हौद पुन्हा लावण्याची खटपट करत होते. ‘स्ट्रॉबेरी थीफ’साठी आधी सगळे कापड निळीत बुडवून मग नक्षीपुरता रंग उडवण्याची वेळखाऊ पद्धत त्यांनी वापरली. निळीचा हौद कसा राखायचा, हे ज्ञान फैजपूरसारख्या गावांत पिढ्यान‌्पिढ्या चालत आलेले होते. पाश्चात्त्य व्यापार भारतीय कारागिरी नष्ट करतो आहे, अशी खंत मॉरिस यांनी १८७९ च्या एका व्याख्यानात जाहीरपणे व्यक्त केली होती. त्यांच्याच नक्षीचा यंत्रावर छापलेला प्लास्टिकचा कागद खान्देशातील भिंतीवर ‘वारसा’ म्हणून चढतो, यातील विसंगती दुर्लक्षिण्यासारखी नाही.

हिरव्या रंगाची विषारी गोष्ट काय आहे?

व्हिक्टोरियन काळाचे सरसकट गोडवे गाण्याचेही कारण नाही. त्या काळातील लोकप्रिय झळाळता हिरवा रंग तांबे आणि आर्सेनिक यांच्या संयुगातून बनवला जाई. असा पहिला रंग स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७५ मध्ये तयार केला होता. ओलसर भिंतीवर असा कागद असलेल्या खोल्यांत माणसे आजारी पडत असल्याच्या तक्रारी डॉक्टरांनी केल्या. ओलीमुळे वाढणारी बुरशी आर्सेनिकचे विषारी वायूत रूपांतर करते, हे इटालियन शास्त्रज्ञ गोसिओ यांनी १८९० च्या दशकात दाखवले. मॉरिस यांच्या सुरुवातीच्या कागदातही आर्सेनिक असल्याचे नंतरच्या चाचणीत आढळले. ते स्वतः आर्सेनिक काढणाऱ्या खाण कंपनीचे काही वर्षे संचालक होते.

आजच्या कागदात हे रंग नसतात. तरीही धडा जुना झालेला नाही. भिंतीवर काय चिकटवले जात आहे आणि त्यामागे ओल आहे का, हे आधी विचारायचे असते.

खान्देशच्या हवेत हा कागद टिकतो का?

ब्रिटिश अमदानीत इथल्या बंगल्यांतही सर्वसाधारणपणे कागदाऐवजी चुन्याची सफेदी किंवा रंगीत चुनाच वापरला जाई. वाळवी, पावसाळ्यातील ओल आणि उन्हाळ्यातील होरपळ यांच्यापुढे कागदाचा निभाव लागत नसे. ही तिन्ही कारणे आजही कायम आहेत.

जळगाव आणि भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पश्चिमेकडची भिंत दुपारनंतर तापते आणि रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. तिच्यावरच्या कागदाचे सांधे आधी उचलले जातात. त्यात भर पडते ती कूलरची. एप्रिल ते जून घरोघरी चालणारा कूलर दमट हवेचा झोत समोरच्या भिंतीवर सोडतो. तापलेली भिंत आणि दमट झोत या जोडीने गोंद सैल होतो. विक्रेता कागद ‘वॉशेबल’ असल्याचे सांगतो. ते खरेही असते, पण धुता येतो तो कागदाचा पृष्ठभाग. गोंद मागेच असतो.

तापी खोऱ्यातील काळी माती हा वेगळा प्रश्न आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल, तर भिंतींना बारीक तडे जातात. रंगवलेल्या भिंतीचा तडा पुट्टी भरून झाकता येतो. कागद मात्र त्या रेषेत फाटतो किंवा सुरकुततो. शिवाय बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर बांधकाम झाले असेल, तर भिंतीला लोणा लागतो. विनाइलचा कागद भिंतीला श्वास घेऊ देत नाही. मागे क्षार आणि बुरशी साचत राहते आणि ती दिसते तेव्हा प्लास्टरचे पोपडे कागदासकट निघतात.

याचा अर्थ वॉलपेपर लावूच नये असा नाही. उत्तरेकडची किंवा आतली भिंत, बाथरूमला लागून नसलेली, किमान एक पावसाळा पाहिलेली आणि कूलरच्या झोतात नसलेली असेल, तर कागद व्यवस्थित टिकू शकतो. नॉन-वोव्हन प्रकारचा कागद विनाइलपेक्षा हवा खेळती ठेवतो आणि नंतर काढायलाही सोपा असतो. नवीन प्लास्टर पूर्ण सुकण्याआधी, वास्तुशांतीची तारीख गाठण्यासाठी घाईने लावलेला कागद मात्र हमखास दगा देतो.

किती रोल लागतात, आणि हिशेब कुठे चुकतो?

बाजारातील नेहमीचा रोल सुमारे २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो, म्हणजे साधारण ५७ चौरस फूट. १२ फूट रुंद आणि ११ फूट उंच भिंतीचे क्षेत्रफळ १३२ चौरस फूट. साध्या भागाकाराने अडीचपेक्षा कमी रोल निघतात आणि तीन पुरतील असे वाटते. व्हिक्टोरियन नक्षीत हा हिशेब फसतो. नमुना दर २४ इंचांनी पुन्हा येत असेल, तर शेजारच्या पट्ट्यांची पाने-फुले जुळवण्यासाठी प्रत्येक पट्टा २४ च्या पटीत कापावा लागतो. ११ फुटांच्या भिंतीसाठी तो १२ फुटांचा होतो. एका रोलमधून असे दोनच पट्टे निघतात, उरलेले ९ फूट वाया जातात. १२ फूट रुंदीला सात पट्टे लागतात, म्हणजे रोल चार.

भिंत १० फूट उंच असेल, तर २४ इंचांच्या नक्षीला पट्टा १० फुटांचाच पुरतो, तळ-वर कापण्यासाठी वेगळी जागा धरावी लागली नाही, तर एका रोलमधून तीन पट्टे बसू शकतात आणि तीन रोलमध्ये काम होते. फक्त एक फूट उंचीने एक रोल वाढतो. म्हणून मोठ्या नक्षीचा कागद घेताना क्षेत्रफळाऐवजी पट्टे मोजावेत, आणि सगळे रोल एकाच बॅचचे घ्यावेत. नंतर आणलेल्या रोलची छटा वेगळी निघाली, तर ती भिंतीवर लपत नाही.

‘हेरिटेज’ विकत घ्यायचे की जपायचे?

खरा मुद्दा हा आहे. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांत, अमळनेर, चोपडा, यावल, रावेर परिसरात सागवानी खांबांचे, कोरीव तुळयांचे आणि धाब्याचे वाडे अजून उभे आहेत. वाटण्या होतात, डागडुजी परवडत नाही, वाडा पडतो. खांब, चौकटी, कडीपाटाचे लाकूड जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जाते आणि मोठ्या शहरांतील हॉटेलांत व बंगल्यांत शोभेला लागते. त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या फ्लॅटमध्ये नंतर ‘हेरिटेज लूक’चा छापील कागद येतो. वाडा पाडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही, त्यांची अडचण खरी असते. पण एक कोरीव चौकट नव्या घराच्या देवघराला लावणे, जुन्या दरवाजाचे टेबल करणे किंवा एक खांब दिवाणखान्यात उभा करणे हे अनेकांना शक्य असते. ते सुचवणारे कोणी नसते, कारण त्याचा कॅटलॉग नसतो.

वॉलपेपर नको म्हणण्यासाठी तो परदेशी आहे, एवढे कारण पुरत नाही. चाळीसगाव रेल्वे स्थानकाजवळचे कलावंत केकी मूस यांचे घर आज संग्रहालय म्हणून पाहता येते. देशोदेशीच्या कलेवर प्रेम करणाऱ्या माणसाने खान्देशात राहून ते घडवले. बाहेरचे घेऊनही घर आपले करता येते. फरक इतकाच की तिथली प्रत्येक वस्तू पाहून, निवडून आणलेली आहे.

मग खान्देशची भिंत कशी असावी?

उत्तराचा एक धागा फैजपूरलाच सापडतो. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये तिथे झाले. महात्मा गांधींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साहित्यातून उभी केली. गावात जे आहे, त्यातून शोभा आणता येते, याचा तो देशाला दिसलेला दाखला होता. मॉरिस यांचा आग्रहही फारसा वेगळा नव्हता.

जगातील एक अतिशय प्रसिद्ध वॉलपेपर केळीच्या पानांचा आहे. ‘मार्टिनिक’ नावाचा हा नमुना १९४२ मध्ये अमेरिकेत तयार झाला आणि बेव्हर्ली हिल्समधील एका हॉटेलामुळे गाजला. त्याच्या नकला आज भारतातही विकल्या जातात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या जिल्ह्यात केळीच्या पानाची नक्षी परदेशी नमुन्याच्या नकलेतून यावी, हे जरा गमतीचेच. कपाशीचे फूल आणि फुटलेले बोंड, सातपुड्यातला पळस, कडुनिंबाची डहाळी, तापीकाठचे पक्षी यांतून उत्तम पुनरावर्ती नक्षी बांधता येईल. जळगाव-धुळ्यातील चित्रकला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी हा अभ्यासविषय होऊ शकतो. डिजिटल छपाईमुळे एका भिंतीपुरताही कागद छापून मिळतो, त्यासाठी कारखाना लागत नाही.

आणि कागदच हवा असेही नाही. स्टेन्सिल किंवा नक्षीचा रोलर वापरून चुन्यावर वा डिस्टेम्परवर वेल उमटवणारे पेंटर अजून आहेत, पण असे काम मिळत नसल्याने तेही प्लेन रंगाकडे वळत आहेत. व्हिक्टोरियन पद्धतीने भिंतीचे तीन भाग करून खाली गडद धुवट पट्टा, मध्ये फिकट चुना आणि वर छताखाली हातभर रुंद नक्षीची किनार, ही रचना खान्देशच्या घराला छान शोभते. लहान मुलांचे हात आणि खुर्च्यांचे घासणे खालचा पट्टा सोसतो, मधली भिंत श्वास घेते आणि नक्षी कूलरच्या झोतापासून वर राहते. मुख्य म्हणजे श्रावणात कानबाईच्या उत्सवापूर्वी घराला रंगरंगोटी करण्याची इथली रीत तिच्यात चालू राहू शकते. किनार तशीच ठेवून मधला भाग दरवर्षी पांढरा करता येतो. वॉलपेपर लावलेली भिंत या रीतीतून कायमची बाहेर पडते.

व्हिक्टोरियन नक्षी सुंदर आहे, यात शंका नाही. ज्यांना ती आवडते, त्यांनी योग्य भिंत निवडून ती जरूर लावावी. पण ती निवडताना तिच्यामागची नीळ, कोयरी, अजिंठ्याचे छत आणि फैजपूरचा रंगारी ठाऊक असावा. मॉरिस खिडकीबाहेर पाहून रेखाटत. खान्देशातील घराच्या खिडकीबाहेरही केळी, कपाशी आणि कडुनिंब उभे आहेत. नमुन्यांच्या वहीचे पुढचे पान उलटण्याआधी एकदा तिकडे पाहिले, तर भिंतीचा निर्णय सोपा होईल आणि एखाद्या स्थानिक कारागिराच्या हातालाही काम मिळेल.